मीठ वासावरून

हरिपूरच्या संगमाच्या अलीकडं, चिंचेच्या बुंध्यापाशी
आण्णांचा एक दगड होता.
त्यांच्या बसण्यानंच त्याला खळगा पडलाय
असं ते सांगायचे.
आठवडाभर मार्केट यार्डात हळदीची पोती तोलणारा माणूस
रविवारी काही तोलायचा नाही.
गळ टाकायचा आणि गप्प.

मी नववीत. माझ्याकडं गांडुळांचं खातं.
मोरीचं पाणी जिथं अळवात जिरायचं
तिथली माती खुरप्यानं उलटायची,
डालड्याच्या डब्यात ओला गारा, त्यात ती वळवळ,
वर खिळ्यानं भोकं पाडलेलं झाकण.
आई ओरडायची, मुळं तोडू नको गं बाई,
श्रावणात वड्या काय तुझ्या गांडुळांच्या करू?

आण्णांची बोटं पिवळी. साबणानं जायची नाहीत.
पलीकडच्या दगडावर हुसेन बागवान,
तो म्हणायचा, "तुमच्या माशाला हळद आधीच लागतीया,
वैनीनं नुस्तं तिखट लावायचं."
दर रविवारी हेच.
दर रविवारी आण्णा हसायचे
जसं काही आत्ताच ऐकलं.

पाण्यावर मोरपिसाचं पांढरं देठ उभं.
ते एकदा थरथरलं की बोलायचं नाही,
दोनदा थरथरलं की श्वास घ्यायचा नाही,
आणि आडवं होऊन सुर्रकन गेलं की
"ओढ, आगं ओढ!"
तोवर मासा गेलेला असायचा.
बहुतेक वेळा गेलेलाच असायचा.
हे लिहून ठेवते, कारण विजू हल्ली पोरांना सांगतो
आण्णा पाटीभर मासे आणायचे.
पाटीभर नाही रे.
चार चिलापी, एखादा शिंगटा.
एकदाच एक वांब, तीही पिशवीतून निसटली
आणि सायकलच्या चेनमध्ये गुंतली,
भर रस्त्यात आण्णा गुडघ्यावर बसून
तिची समजूत काढत होते.

घरी आई वाट बघत नसायची.
वांग्याचं कालवण तिनं आधीच टाकलेलं असायचं.

मासे आलेच, तर परसात तीन विटांची चूल.
राख लावून खवले काढायचे,
सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर,
लसूण, चटणीचा डबा, चिंचेचा कोळ.
आई मासा खायची नाही.
माहेरी चालत नव्हतं, सासरी कुणी विचारलं नाही.
पण रस्सा उकळला की ती वाकायची,
डोळे मिटून वाफ आत घ्यायची
आणि म्हणायची, "मीठ कमी हाय."
कमीच असायचं.
तिला हे कसं कळतं, असं मला कधी वाटलं नाही.
मला काटे काढायची घाई होती.

पुराच्या साली घरात छातीभर पाणी.
ओसरल्यावर परसात नुसता गाळ. चूल नाही, अळू नाही.
पाट्याखाली एक चिलापी सापडली, मेलेली.
आण्णा म्हणाले, "बघ, ही आपली आपण आली."
त्या गाळात पुढं वांगी अशी धरली
की गल्लीत वाटून वाटून हात दुखले.

आता आम्ही विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर.
गॅलरीत बादलीतलं अळू.
आण्णांचे हात त्या देठासारखे थरथरतात,
चहाचा कप ओठांपर्यंत जाईतो
मी श्वास घेत नाही.

परवा मंडईतून चिलापी आणली.
रस्सा उकळला. आई आली, वाकली,
बराच वेळ वाकून राहिली.
मागच्या तापापासून तिला वासच येत नाही,
अगरबत्तीचा नाही, दूध करपल्याचा नाही.
मी गॅस बारीक केला. काय बोलावं कळेना.
तिनं पळी घेतली.
तळहातावर थेंबभर रस्सा, फुंकर,
आणि चाटला.

पंच्याहत्तराव्या वर्षी, उभ्यानं, ओट्यापाशी.

मग पुन्हा एक थेंब. हा जरा मोठा.

बाहेरून आण्णांचा आवाज,
संगमावर विचारायचे तसाच,
"काय, लागतंय का?"

"थांबा वाईच," आई म्हणाली.