इन लू ऑफ

प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात
ठाकोरभाईंनी ऑर्डर पुढे सरकवली.
'इन लू ऑफ' समजतं ना, बेन?
म्हणजे ऐवजी.

यांच्याच खुर्चीत बसले.
उशी यांच्या मापानं दबलेली.

रविवारी काम केलं तर
इन लू ऑफ एक रजा मिळते.
यांच्या एकवीस साठून राहिल्यात.
त्या कुणी घ्यायच्या,
याला नियम नाही.

येताना दांडिया बाजारात
भाजीवाली म्हणाली, छुट्टा नथी,
एना बदले कोथमीर लई जाव.
घेतली.
एकटीला किती लागते कोथिंबीर?

रात्री यांचा शब्दकोश काढला.
ऐवजीच्या एक ओळ आधी
ऐवज:
दागदागिने, रोकड,
घरात जपून ठेवलेलं काही.

दिवा मालवायचा राहिला.
बोट त्याच ओळीवर.