बरोबरचं बटण

भरमाण्णा होनगेकरांच्या कॅल्क्युलेटरवर
बरोबरचं बटण नव्हतं.
उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी एस्टिमेटला लागले त्या सोमवारी
मी ते चारदा शोधलं,
उलटून, सेलच्या झाकणावरसुद्धा.

"बरोबर दाबून बरोबर होत नसतंय, बाई.
आधी आकडे ठेव.
मग काय करायचं ते सांग."

चोवीस. एंटर. अठरा. गुणिले. पाच. गुणिले.
एकवीसशे साठ घनसेंटिमीटर बीड.
आता मधलं भोक:
पाच. एंटर. गुणिले.
तीन पूर्णांक चौदा. गुणिले.
जाडी पुन्हा पाच. गुणिले.
आणि इतका वेळ ते एकवीसशे साठ
खाली तसेच,
रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखे.
ना कंस, ना कागदाचा चिटोरा.
वजा.
सतराशे साडेसदुसष्ट.
पुढे सात पूर्णांक दोननं गुणून, हजारानं भागून
पावणेतेरा किलोला चोवीस ग्रॅम कमी.
संध्याकाळी काट्यावर तेरा भरलं.
होनगेकरांनी कपारीतली वाळू झाडली,
माझ्याकडे बघितलं नाही.

मला मराठीत सांगायचे, इराण्णाला कानडीत.
पाच, सात, मिळव.
ऐदु, एळु, कूडिसु.
बाहेर चौकात पाटीवरची कुठली अक्षरं मोठी
यावर डांबराचे डबे निघालेले,
आणि इथे आम्हा दोघांचं क्रियापद
शेवटाला येऊन एकाच बटणावर बसत होतं.
अडायचे ते हुबळीचे मॅनेजर.
ते इंग्रजीत विचार करायचे:
आधी हुकूम, मग माणसं.

"चारच मजले हाईत," होनगेकर बजावायचे,
"पाचवा ठेवलास की तळातला जातो.
ओरडत नाही."

त्यांचं स्वतःचं काय काय खाली थांबलेलं
ते कधी बोलले नाहीत.
डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी,
शनिवारी मारुतीला तेल, एवढंच ठाऊक.
दिवाळीनंतर आलेच नाहीत.
खणात कॅल्क्युलेटर, त्यावर पुसायचं फडकं, घडी घातलेलं.

चालू केला तर
तीनशे अठरा पूर्णांक चार.

कशाचे?
असं वजन कुठल्याच ड्रॉइंगवर नाही.
भाव नाही, तारीख नाही.
"लाइटबिल असेल," इराण्णा म्हणाला,
मग स्वतःच, "छे, इतकं कमी?"

मी पुसलं नाही.
त्याच्यावर तीन मजल्यांत माझा हिशेब करते,
चौथ्याला हात लावत नाही.
माझं एकेक वजा होत उतरतं
तशी तळातली ती रक्कम
स्वतःचीच नक्कल काढून रिकाम्या जागी सरकते,
आणि सुट्टीच्या भोंग्याला माझा शेवटचा आकडा उचलला
की पुन्हा तेच, तीनशे अठरा पूर्णांक चार.
आकडा ठेवून गेले.
काय करायचं ते सांगायचं राहिलं.

सेल खडेबाजारात एकाच दुकानात मिळतात.
बदलायला अर्धं मिनिट, जास्त लागलं तर सगळं जातं.
मी झाकण उघडते.
इराण्णा शेजारी उभा राहून
कानडीत सेकंद मोजतो.