मला फक्त पाय ऐकू येतो

वाशीच्या दुकानातल्या पोराने
काड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला,
यात दोनशे ड्रमसेट आहेत, ताई.
मी रबरावर मारलं.
हेडफोनात कुठलासा हॉल उघडला,
उंच छताचा, गार, नुकताच पुसलेला.
बाहेर दुकानात मात्र तेवढंच, टप टप,
कुणी फळीवर भेंडी चिरतंय तसं.

खरा सेट पलीकडे काचेत होता.
चेरीच्या रंगाचा, पाच नग, झांजा वेगळ्या घ्यायच्या.
फ्लॅटमध्ये राहत असाल तर विचारूच नका, म्हणाला.
मी विचारलं नाही.
फ्लॅटच्या आधी कुठे राहत होते
हेही सांगितलं नाही.

घणसोली गावात आबांची बेंजो पार्टी होती.
हळदीला रात्री दोनपर्यंत साइड ड्रम,
उभ्यानं, पट्टा खांद्यात रुतलेला,
आणि तक्रार करू शकला असता असा एकूण एक माणूस
पुढ्यात नाचत असायचा.
खाडीची हवा क्रोम खायची.
रविवारी आबा रॉकेलचा बोळा घेऊन बसायचे,
कड्या पुसायचे, खिळे पुसायचे,
झांज तडकली तेव्हा कानशीने तड गोल केली
आणि म्हणाले, फुटली नाय, तिला खोकला झालाय.
दोनशे सेटांत मी तो खोकला शोधला.
एकशे चौदा नंबर थोडा जवळ होता. थोडाच.

वीजबिलाच्या पाठीवर हिशेब केला.
नऊ हप्ते. कोपरखैरणे, तिसरा मजला,
सिडकोचा स्लॅब, ज्यातून खालच्यांचा मिक्सर
आम्हाला चटणीसकट कळतो.
मला गाणी करायची आहेत, रात्री अकरानंतर,
लॅबमधून आल्यावर, हातांना स्पिरिटचा वास असताना.
अकरानंतर मला जे परवडतं
ते रबरच.

आणलं.
प्लायवूडखाली टेनिसचे चेंडू अर्धे कापून लावले,
त्यावर चटई, चटईवर मी.
पहिल्या रात्री हेडफोनात एवढी गर्दी
की बेल वाजली ती कळलीच नाही.
दारात पिल्लेबाई, नेरूळच्या हॉस्पिटलात नर्स,
पहाटेच्या ड्युटीआधी झोपायला निघालेल्या.
त्या चिडलेल्या नव्हत्या.
म्हणाल्या, मला फक्त पाय ऐकू येतो.
धुप्प. मग बराच वेळ काही नाही. मग धुप्प धुप्प.
बाकीचं कुठंय?

मी त्यांना स्टुलावर बसवलं, हेडफोन दिला,
आणि समोर उभी राहून उलट्या बाजूने वाजवलं.
त्यांची मान हलायला लागली.
आणि मला पहिल्यांदा
माझंच वाजवणं त्यांच्या घरातून ऐकू आलं,
भेंडी, भेंडी, आणि एक आंधळा पाय.

शेवटी हेडफोन काढून म्हणाल्या, छान आहे.
पण मंगळवारी माझी सुटी असते, मंगळवारी पाय नको.
तेव्हापासून मंगळवारची गाणी
गुडघ्याखाली नसलेली.

आबांचा ड्रम कोपऱ्यात आहे, खिडकीखाली.
त्याला मी काडी लावत नाही.
सकाळी सहाला सोसायटीचा पंप सुरू झाला
की त्याच्या खालच्या तारा आपोआप थरथरतात,
बारीक, कढईत मोहरी पडावी तशा.
बाजूला एक खटका आहे,
तो खाली केला की तारा सुटतात आणि ड्रम गप्प.
दुकानातल्या पोराला त्याचं नाव ठाऊक असेल.

पंप चालतो तेव्हा मी अंथरुणातच असते.
खटका अजून वरच आहे.