सप्ताळू

उगावच्या शिवारात, आमच्या द्राक्षाच्या बांधावर
एक झाड आहे. त्याच्या नावावर गावाचं एकमत नाही.
दगूअण्णा म्हणायचे सप्ताळू,
पोरं म्हणतात पीच,
पाणी सोडणारा रावजी म्हणतो, "ते बिनकामाचं."

अण्णांनी ते सोलनहून आणलं,
बागायतदारांच्या सहलीच्या बसमधून,
ओल्या गोणपाटात, मांडीवर धरून.
बाकीच्यांनी शाली आणल्या.

इथे सगळं द्राक्षाच्या पंचांगानं चालतं.
लग्नाची तारीख गोडी छाटणी टाळून,
माहेरपण माल निघाल्यावर.
माझ्या मुलीचा जन्म कधीचा विचारलं
तर सासूबाई सांगायच्या,
"थॉमसनचं दुसरं डिपिंग चालू होतं तेव्हाचा."
सप्ताळूला या पंचांगात पान नव्हतं.
त्याची ओवी नाही, त्याला नवस नाही,
त्याच्या नावानं कुणी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही.
नऊ वर्षं पानं आली, पानं गेली.
अण्णा गेले त्या साली कुऱ्हाडीची गोष्ट निघाली.
मी म्हटलं, राहू द्या,
दोरी बांधायला होतं.

मग पौषातली ती रात्र.
कुंदेवाडीला पारा दोनच्या खाली,
आणि आमच्या मण्यांत नुकतं पाणी भरत आलेलं.
ओळीओळीत पेटवलं आम्ही
पाचट, वाळल्या काड्या, जुने टायर.
बोअरचं कोमट पाणी ठिबकला सोडलं.
तीन वाजता शिवारभर धूर
आणि धुरातून माणसांचे खोकले,
या मळ्यातून त्या मळ्यात.

येवंता माझ्यासोबत होती,
सुरगाण्याची, थिनिंगच्या टोळीची मुकादम.
तिनं बॅटरी बांधाकडे मारली.
"तिकडं नको नेऊ विस्तव," म्हणाली,
"त्याला गोड लागतंय बघ."
झाड उघडंवाघडं,
फांदीवर दव गोठलेलं, खडीसाखरेगत.
जिला आम्ही शिव्या घालत होतो ती थंडी
ते तास तास मोजून घेत होतं,
थकलेली उधारी घेणाऱ्या वाण्यासारखं,
घाई न करता.

सकाळी चौथ्या ओळीपासून पुढे मणी तडकलेले.
त्याबद्दल इथे लिहीत नाही.

माघ सरता सरता त्याला फुलं आली.
पान एकही नाही, नुसती फुलं.
रंग दात यायच्या आधीच्या हिरड्यांचा.
माल बघायला आलेला व्यापारी
गाडी थांबवून फोटो काढत बसला
आणि दर चार रुपयांनी पाडून गेला.

खरड छाटणी चालू असताना अकरा फळं.
दोन पाखरांनी नेली,
एक रावजीनं, न विचारता.
उरलेली देवापुढे ठेवताना माझा हात अडखळला.
काय म्हणून ठेवू?
देवाला तरी माहीत असेल का
ही लव, ही गालासारखी साल,
हे आत चिकटून बसलेलं लालसर?

मग बांधावरच बसून खाल्ली सगळ्यांनी.
रस कोपरापर्यंत. थोडं आंबटच.
येवंतानं सगळ्यांच्या कोयी गोळा केल्या,
पदराच्या टोकाला गाठ मारली.
"हातगडाकडं आमच्या यापेक्षा गार पडतं."
एवढंच बोलली
आणि कात्री घेऊन ओळीत शिरली.

रावजी अजून म्हणतो, ते बिनकामाचं.
पण परवा मी पाहिलं,
शेवटच्या नळीला त्यानं
एक ड्रिपर जास्तीचा लावलाय, बांधाच्या बाजूला.
मी काही बोलले नाही.