अडकित्त्याचं दुसरं पातं

कोलंबसमधल्या समितीच्या खोलीत
साक्षीदाराला तीन मिनिटं मिळतात.
टेबलावर छोटा दिवा : हिरवा, मग पिवळा, मग लाल.
ओगुलसापार त्याच्याकडे बघत नाहीत.
डाव्या हाताने पाण्याचा ग्लास सरकवतात.
उजवा मांडीवर,
परक्याचं मूल घटकाभर सांभाळायला घ्यावं तसा.

"माझं काम बातम्या वाचण्याचं.
डेटनला, तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी,
मशीन बंद असताना.
रोज वीस मिनिटं, आमच्या भाषेत :
कुठल्या गावात पीठ संपलं,
कुणाला रात्री उचललं,
कुणाचं प्रेत पोत्यात शिवून परत आलं.
किती जण ऐकतात, ठाऊक नाही.
मी ऐकतो असं तिकडे कुणी म्हणत नाही.

त्या रात्री नऊला दार वाजलं. पिझ्झा.
मी मागवला नव्हता.
पोरगा म्हणाला, सॉरी मॅम,
आणि खोक्याखालून हातोडी काढली.
सॉरी आधी म्हणाला.
हे मी पोलिसांना दोनदा सांगितलं,
त्यांनी एकदाही लिहून घेतलं नाही."

डस्टिन क्रोल, वय बावीस.
सुपारी बाराशे डॉलरची,
चारशे आगाऊ, फोनवर.
देणाऱ्याला नाव नव्हतं, लांडग्याचं चित्र होतं.
आठशे अजून यायचेत.
कोर्टात त्याच्यापुढे नकाशा धरला, तो देश दाखव म्हणाले,
तर बोट समुद्रात पडलं.

सुपारी फुटली सात हजार मैलांवर,
आवाज आला डेटनमध्ये, एका मनगटातून.
अडकित्त्याचं एक पातं सापडलं.
दुसरं अजून उघडमीट करतंय तिकडे,
टेबलावर, खरबुजाच्या फोडींशेजारी.

आरोपपत्रात लिहिलं : चोरीच्या इराद्याने मारहाण.
चोरीला काय गेलं? काही नाही.
म्हणजे चोरी फसली, असं कागदाचं म्हणणं.
पाच वर्षं. नीट वागला तर तीन.

नव्या मसुद्यात एक ओळ वाढली आहे :
परक्या सरकारच्या हुकमावरून केलं असेल, तर वीस.
चष्मा कपाळावर चढवलेला सदस्य विचारतो,
अगदी मवाळपणे,
पण बाई, हुकूम ऐकला कुणी?

पिवळा.

"मी.
अँब्युलन्स यायची होती. मी जिन्यावर बसलेली,
शेजारच्या मिसेस ओडम टॉवेल दाबून धरलेल्या.
फोन वाजला. माझा भाऊ.
तिकडे सकाळचे सहा. त्याच्या घरात
दोन माणसं चहा पीत बसली होती.
म्हणाला, हे विचारतायत,
बहिणीचा हात कसा आहे.

तोवर मी स्वतःसुद्धा
हाताकडे पाहिलं नव्हतं."

टंकलेखन करणाऱ्या बाईची बोटं
एक ओळ मागे राहिली.

"ते पोर वीस वर्षं आत बसेल.
चहा पिणारे चहा पितील. एवढं मला कळतं.
वर्षं मोजायला मी आलेली नाही.
म्हणजे, रात्री मोजते कधी कधी.
पण मला कागदावर तो शब्द हवा आहे, हुकमावरून.
उद्या भावाच्या दारात कुणी बसलं
तर त्याला ठाऊक असावं
की दूर कुठेतरी, एका गावात,
त्याच्या चहाची नोंद..."

लाल.

आभार. पुढचा साक्षीदार.
मतदान येत्या मंगळवारी.

बाहेर लिफ्टपाशी त्या एका हाताने
कोटाची चेन लावत होत्या, ती अडली.
शेजारी एक बाई उभी, शाळेच्या कँटीनचा बिल्ला
काढायचा राहिलेला. त्यावर आडनाव : क्रोल.
चेनकडे तिने पाहिलं. हात पुढे केला नाही.
खूप वेळाने विचारलं,
"तो सॉरी म्हणाला होता?"
"हो."
"आधी?"
"आधी."

लिफ्ट आली. दोघींपैकी
कुणीच आत गेलं नाही.