सूरपेटी, चॅनल नंबर चौऱ्याण्णव

आर्वीत गुजरीमागून
'सूरपेटी' मासिक निघायचं,
बत्तीस पानं, भजनांचं नोटेशन.
खिळे मी जुळवायचो.
कोमल गंधाराखालची आडवी रेघ
कमी पडली की आगपेटीची काडी
तासून बसवायचो.
एका अंकात सतरा काड्या, मोजल्या होत्या.

मग केबलवाला नीलकंठ डायरे म्हणाला,
कागद पाहून कोन गाते आता, भाऊ?
चॅनलच काढू.

त्याच खोलीत कॅमेरा लागला.
ट्रेडलवर निळी चादर,
शाईचा वास मात्र झाकला नाही.

पहिल्या दिवशी पारबताबाई मसराम
खंजिरी घेऊन आल्या.
अकरा वर्षं आम्ही त्यांची गाणी छापली,
त्यांना वाचता येत नव्हतं.
अंक त्या पेटीत ठेवत,
लुगड्यांच्या घडीत.

मी पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर उभा.
बाई गायल्या.
गंधार आला
तो कोमल नव्हता.
शुद्धही नव्हता.
दोघांच्या मधात कुठंतरी
हलत उभा होता,
पायवाटेवर थांबून
मागं पाहावं तसा.

त्याला कोणता खिळा लावला असता मी?

ठेलेवाल्यानं विचारलं,
माचिस पाहिजे का, काका?
मी बिडी ओढत नाही.
तरी घेतली.