शटरवरचा कागद

शहापूर, खडेबाजार. दहा वाजून गेले
तरी शटर खालीच, आणि त्यावर कागद.
सहा महिने. खात्यामागे पाच हजार.
वडगावची निंगव्वा ढवळी कन्नडातून वाचत गेली,
होनगेकर मास्तर मराठीतून,
आणि एका शब्दापाशी दोघांचाही आवाज बसला:
निर्बंध.
इथल्या पाट्यांवरची अक्षरं किती वर्षं
आम्ही डांबर फासून पुसली, पुन्हा रंगवली.
हा शब्द दोन्हीकडचा आहे, ते आज कळलं.
तशी ठेवही. मास्तरांची ठेव, तिची ठेवणी.

मी आतला. सत्तावीस वर्षं लेजरला.

पहिला दंड बसला तेव्हा आम्ही हसलो होतो.
ग्राहकओळख अपुरी म्हणे!
निंगव्वाला ओळखायला कागद कशाला?
पूर्तता अहवाल मीच टाईप केला:
त्रुटी दूर केल्या आहेत.
एक रकाना, एक बरोबरची खूण.

खातं एकशे चौदा, बाबली मोदगेकर, यंत्रमागासाठी कर्ज.
बाबलीच्या मयतीला मी गेलो होतो,
लाकडं ओली होती म्हणून नीट आठवतं.
पुढच्या मार्चला त्यानं नूतनीकरणाच्या अर्जावर सही केली,
जिवंतपणी करायचा त्याहून वळणदार.
फाईल घेऊन केबिनमध्ये गेलो.
साहेबांनी कुंद्याचा बॉक्स पुढं सरकवला.
"तपासनीस दोन दिवसांचा पाहुणा," म्हणाले,
"आपल्याला इथंच राहायचंय."
मी कुंदा खाल्ला.
गोड होता, खोटं कशाला बोलू.

त्या एका रकान्यात मग बाबली मावला,
चेअरमनचे दोन मेहुणे मावले,
गणेशपुरात कधी न बांधलेली एक चाळ मावली.

परवा बाजूच्या दारानं निंगव्वा आत आली,
विम्याच्या दाव्याचा फॉर्म भरून घ्यायला.
ओरडली नाही. एवढंच विचारलं,
"फणी काढून विणलात काय रे, तम्मा?
धागा धाग्यात जाणारच की."

मी आधार कार्ड मागितलं.
फोटो आणि समोरचा चेहरा
पहिल्यांदाच ताडून पाहिला, नियमाप्रमाणे.
एकोणीस वर्षांची ओळख.
तिच्या डाव्या भुवईवर जुनी खोक आहे.
मला माहीत नव्हतं.